धक्का, मारामारी आणि दगा : एका बाल हॉकी संघातलं प्रकरण

हे प्रकरण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं, टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातलं. मी तिथल्या मुलांच्या एका आइस हॉकी संघाची ट्रेनर आहे. इकडे ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारी नव्हे. मुलांच्या संघाच्या बाकावर प्रथमोपचाराचं आणि डोक्याच्या दुखापतींचं प्रशिक्षण घेतलेलं एक मोठं माणूस असावंच लागतं, आणि ते काम बहुधा कुणातरी पालकाकडे येतं. आमच्या संघात ते माझ्याकडे आलं.

माणसांचे आणि संघाचे तपशील बदलले आहेत. मुलांना जर्सीच्या नंबरांनीच ओळखू या. तेही खरे नाहीत.

पार्श्वभूमी

सतरा नंबर तेव्हा बारा वर्षांचा होता. आईवडील सांगलीकडचे, मुलगा इथेच जन्मलेला. अंगानं बारीक, पण पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, त्याच्या स्टिकला डिंक लावल्यासारखी चिकटून राहायची. चार नंबर त्याचा वर्गमित्र, अंगानं थोराड, खेळायला बचावफळीत. पहाटे सहाच्या सरावाला दोघं एकाच गाडीतून यायचे, आणि मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये हॉकीच्या दोन बॅगा असायच्या. त्या बॅगांचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना ही मैत्री किती पक्की होती ते कळेल.

त्यांच्या वयोगटात अंगानं धक्का देऊन प्रतिस्पर्ध्याला पाडायला बंदी आहे. पूर्वी नव्हती. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संस्थेनं २०१३ साली अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी हा धक्का बंद केला. त्यामागे एक अभ्यास होता, २०१० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला. आल्बर्टात या वयाच्या मुलांना धक्क्याची मुभा होती आणि क्युबेकमध्ये नव्हती, म्हणून दोन्ही प्रांतांतल्या मुलांचा एक पूर्ण हंगाम मोजला गेला. बर्फावरचे तास जवळपास सारखेच असताना आल्बर्टात २४१ दुखापती झाल्या, क्युबेकमध्ये ९१. मेंदूला हादरा बसण्याचे प्रकार अनुक्रमे ७८ आणि २३. पुढच्या गटात मात्र, तेरा-चौदाव्या वर्षी, वरच्या पातळीच्या संघांमध्ये धक्का सुरू होतो. सतराच्या घरी हाच विषय त्या हिवाळ्यात हळूहळू वर येत होता.

भारतातल्या वाचकांसाठी व्यावसायिक हॉकीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, दोन खेळाडू हातमोजे टाकून एकमेकांना ठोसे मारू लागले तर पंच लगेच मध्ये पडत नाहीत. दोघांतला एक खाली पडला किंवा दोघं दमले की त्यांना सोडवतात, पाच-पाच मिनिटं दंडकक्षात बसवतात, आणि ती मिनिटं संपली की दोघं पुन्हा खेळायला मोकळे. मारामारीला शिक्षा आहे, पण जागाही आहे. मुलांच्या हॉकीत अशी जागा अजिबात नाही. तिथे मारामारी म्हणजे सामन्यातून बाहेर, वर बंदी.

नऊ सेकंद

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५. मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये ‘फोर नेशन्स फेस-ऑफ’ या स्पर्धेतला अमेरिका-कॅनडा सामना होता. अमेरिकेनं कॅनडावर आयातशुल्क लावायची भाषा सुरू केल्याचे ते दिवस. स्टेडियममध्ये अमेरिकेच्या राष्ट्रगीताला लोकांनी हुर्यो केली. आम्ही सतराच्या घरी जमलो होतो, मुलांसकट अकराजण. त्याचे आजोबा सांगलीहून खास नातवाची हॉकी बघायला थंडीत आले होते. त्यांना सगळेच आबा म्हणतात, मीही.

पक पडला आणि अमेरिकेचा मॅथ्यू टकाचक आणि कॅनडाचा ब्रँडन हेगल यांनी हातमोजे टाकले. दोघांना दंडकक्षात नेलं, खेळ सुरू झाला, तर मॅथ्यूचा धाकटा भाऊ ब्रेडी आणि सॅम बेनेट. त्यांना नेलं, तर जे. टी. मिलर आणि कोल्टन पॅरेको. घड्याळात नऊ सेकंद झाले होते आणि मारामाऱ्या तीन.

आम्ही सगळे उभे राहिलो होतो. ओरडत होतो. माझ्या हातात शेवभाजीची वाटी होती, ती मी कुठे ठेवली ते आजही आठवत नाही. सतरा आणि चार गालिच्यावर पुढे बसले होते. सतरा आधी टीव्हीकडे बघत होता आणि मग मान वळवून आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.

फक्त आबा बसून होते. त्यांनी विचारलं, “अरे, पण ती चकती कुठाय?”

कुणी उत्तर दिलं नाही.

त्यानंतरचा खेळ उत्तम झाला. कॉनर मॅकडेव्हिडनं केलेला गोल असा की त्याच्या पायांचा वेग बघून आबाही पुढे सरकले. त्याच मॅकडेव्हिडला चार्ली मॅकअव्हॉयनं खांद्यानं असा धक्का दिला की तो आडवाच झाला, आणि तो धक्का नियमात बसणारा होता. शेवटी अमेरिका ३-१ नं जिंकली. पण रात्री मुलांच्या ग्रुपवर जे फिरलं ते होते फक्त नऊ सेकंद. गोल कुणी पाठवला नाही.

सोमवारचा सराव

१७ फेब्रुवारीला इथे फॅमिली डेची सुट्टी होती, म्हणून सराव सकाळी उशिरा ठेवलेला. कोपऱ्यात पक टाकायचा, दोघांनी जायचं, जो आधी काढेल तो गोलकडे नेईल, असा साधा प्रकार चालला होता. चारनं पक काढला. सतरानं हातमोजे टाकले.

चार हसला. त्याला वाटलं शनिवारची गंमत चाललीय. सतरानं डाव्या हातानं त्याच्या जर्सीची कॉलर धरली, अगदी टीव्हीवर धरतात तशी, आणि खेचली. चारचे स्केट निसटले. तो मागच्या मागे पडला आणि हेल्मेटची मागची बाजू बर्फावर आपटली. तो आवाज मी बाकावरून ऐकला.

अशा वेळी मुलाला उठवायचं नसतं. मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले, मान दुखते का विचारलं, बोटं हलवायला सांगितली. “मी बरा आहे,” तो म्हणाला. सगळी मुलं हेच म्हणतात. आज कुठला सराव चालला होता असं विचारल्यावर त्यानं शनिवारचा सांगितला. बाकावर आणल्यावर दिवे डोळ्यांत टोचताहेत म्हणाला. ओंटारिओत २०१८ साली झालेला रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे, रग्बी खेळताना डोक्याला लागोपाठ मार बसून गेलेल्या रोवन स्ट्रिंगर या मुलीच्या नावाचा. मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला तिथल्या तिथे बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं. निर्णय माझ्या हातात नव्हताच, आणि त्याचं मला बरं वाटलं. डॉक्टरांनी संध्याकाळी निदान कायम केलं.

सतरा तेवढा वेळ निळ्या रेषेजवळ उभा होता. त्याचे हातमोजे बर्फावर तसेच पडले होते आणि ते उचलावेत की नाही हे त्याला कळत नव्हतं.

गुंता नेमका कशात होता

त्या आठवड्यात मी तीन घरांत आणि एका गाडीत बसून तीच चर्चा ऐकली.

सतराच्या वडिलांना मुलाचं वागणं चुकलं हे मान्य होतं, पण हॉकी अशीच असते हेही त्यांना ठामपणे वाटत होतं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं ऑफिसात त्यांच्याशी कुणी हवामानापलीकडे बोलत नसे. हॉकी बघायला लागल्यावर बोलू लागले. गोल, गोलला मदत आणि मारामारी या तिन्ही गोष्टी एकाच सामन्यात केल्या की त्याला ‘गॉर्डी हाऊ हॅट्रिक’ म्हणतात, हे त्यांना तिथेच कुणीतरी शिकवलं. (स्वतः गॉर्डी हाऊच्या नावावर, पाव शतकाहून लांब कारकिर्दीत, असे दोनच सामने आहेत. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.) त्यांची भीती मला समजत होती. बारीक चणीचा मुलगा, रंगानं वेगळा, पुढच्या वर्षी धक्के सुरू होणार. तो उलटला नाही तर त्याला चिरडतील.

आईचं म्हणणं एका वाक्याचं होतं. “ताई, आज दुसऱ्याचा मुलगा पडला, उद्या आपला पडेल. बुद्धिबळ खेळू दे.” तिनं वाचलं होतं बरंच. सिडनी क्रॉस्बी, त्या काळातला सगळ्यात कसबी खेळाडू, २०११ च्या जानेवारीत चार-पाच दिवसांच्या अंतरानं डोक्याला दोन मार बसल्यावर नोव्हेंबरपर्यंत बर्फावर परतू शकला नव्हता. डेरेक बूगार्ड, ज्याचं संघातलं कामच मारामारीचं होतं, त्याच वर्षी २८ व्या वर्षी दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनानं गेला, आणि त्याच्या मेंदूत वारंवार मार बसल्यानं होणारा सीटीई हा आजार आढळला. हे सगळं खरं आहे. तिला अतिरेकी म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मुख्य प्रशिक्षक स्थानिक माणूस, शांत. त्याला संघाची शिस्त दिसत होती. चारच्या आईवडिलांना त्यांचा मुलगा अंधाऱ्या खोलीत पडलेला दिसत होता. ते सतराविषयी एक शब्द वाकडा बोलले नाहीत, आणि तेच जास्त जड होतं.

बुधवारपर्यंत माझ्या लक्षात आलं की सगळे एकच शब्द वापरताहेत, ‘मारामारी’, किंवा इंग्रजीत ‘फिजिकल’, आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. मॅकअव्हॉयनं मॅकडेव्हिडला दिला तो धक्का. पकसाठी, खांद्यानं, समोरून. तोल, वेळ आणि कोन साधल्याशिवाय तो जमत नाही, म्हणजे तेही कसबच. दुसरी, हातमोजे टाकून केलेली मारामारी. दोघांच्या संमतीनं होणारी, अलिखित संकेतांनी बांधलेली, पकशी संबंध नसलेली. आणि तिसरा दगा. ८ मार्च २००४ रोजी व्हँकुव्हरमध्ये टॉड बर्टुझीनं कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्टुझीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला.

वडील पहिल्या गोष्टीची बाजू घेत होते, पण उदाहरणं दुसरीची देत होते. आई तिसरीला घाबरत होती आणि पहिलीही नको म्हणत होती. आणि सतरानं सोमवारी जे केलं ते त्याला दुसरं वाटत होतं. चारच्या बाजूनं ते तिसरं होतं. त्यानं संमती दिली नव्हती. तो हसत होता.

समोरचे पर्याय

संघापुढे दोनच रस्ते होते. सतराला उरलेल्या हंगामासाठी काढून टाकायचं, किंवा काही काळ बर्फाबाहेर ठेवायचं. पहिला रस्ता सोपा होता आणि इतर पालकांपैकी तिघांना तोच हवा होता. प्रशिक्षकाचा प्रश्न असा होता की काढून टाकलं तर तो यातून काय शिकेल, आणि ठेवलं तर चारला काय वाटेल. त्यानं आधी चारच्या घरी फोन करून विचारलं. मला हा त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, आणि तो कुठल्याही नियमावलीत नाही.

घरापुढे जास्त रस्ते होते. हॉकी बंद. किंवा वसंतातल्या निवड चाचण्यांत धक्का नसलेला संघ निवडायचा. किंवा धक्क्याच्या संघात जायचं, पण तयारीनं. वडिलांच्या मनात मध्येच बॉक्सिंगचा वर्ग लावायचाही विचार आला होता. आणि आईनं सुचवलेला आणखी एक: एनएचएल घरात बघायचंच नाही.

या शेवटच्या पर्यायाला मी विरोध केला. गुरुवारी त्याच दोन संघांचा अंतिम सामना होता. टीव्ही बंद ठेवला असता तर सतरानं तो फोनवर बघितला असता, तुकड्यातुकड्यांत, आणि ते तुकडे कुणी निवडले असते ते आपण शनिवारी बघितलंच होतं.

काय केलं

प्रशिक्षकानं सतराला दोन आठवडे बर्फाबाहेर ठेवलं, पण प्रत्येक सरावाला हजर राहायला सांगितलं, माझ्या शेजारी. पाण्याच्या बाटल्या भरणं, मोडलेल्या स्टिक गोळा करणं, आणि चारचं नाव हजेरीत आलं की त्याच्या रिकाम्या जागेकडे बघणं. त्याआधी वडिलांबरोबर तो चारच्या घरी गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पाच मिनिटांत बाहेर आले एवढं कळलं.

गुरुवारी, २० फेब्रुवारीला, मी शाळेची एक दोनशेपानी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. तीन रकाने आखले: धक्का, मारामारी, दगा. सतराला म्हटलं, तू मोज. पहिल्या सत्रात दहा मिनिटं झाल्यावर त्यानं आपणहून चौथा रकाना आखला: ‘पुढे चकती कुणाकडे’. आबांचा शब्द. त्यांचा शनिवारचा प्रश्न कुणीतरी ऐकला होता तर.

सामना संपला तेव्हा धक्क्याचा रकाना दोन पानं ओलांडून गेला होता. दग्याच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह होतं, त्यावर वडिलांचा आणि त्याचा वाद झाला. मारामारीचा रकाना कोरा. नेथन मॅकिननचा गोल, त्यावर ब्रेडी टकाचकचा, मग अमेरिकेच्या जेक सँडरसनचा, मग सॅम बेनेटचा, असे २-२. जादा वेळेत कॅनडाच्या गोलरक्षकानं, जॉर्डन बिनिंग्टननं, हातातून गेलेला सामना दोनतीनदा परत आणला, आणि आठ मिनिटं अठरा सेकंदांवर मिच मार्नरच्या पासवर मॅकडेव्हिडनं गोल मारला. त्या क्षणी मॅकडेव्हिडच्या आसपास कुणीच नव्हतं.

वही बघता बघता सतरा थांबला. “टकाचक आणि बेनेट. शनिवारी हेच दोघं भांडले होते. मग भांडले कशाला? दोघांना गोल करता येतो की.”

वडील म्हणाले, संघाला जोर यावा म्हणून.

“आला का?”

शनिवारी अमेरिका जिंकली, म्हणजे आला असेलही. मोठा टकाचक त्याच सामन्यात दुखावला होता आणि अंतिम सामन्यात बराच वेळ बाकावरच होता. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मुलांना एकच बाजू सांगितली की त्यांना दुसरी लगेच सापडते.

वडिलांशी माझं बोलणं नंतर झालं, अंगणातला बर्फ काढताना. त्यांचा मुद्दा असा की मारामारी काढली तर लोक हॉकी बघायचं सोडतील, आणि लोकांना जे आवडतं ते मुलाला वाईट कसं सांगायचं. या मुद्द्याला उत्तर आहे, आणि ते एनएचएलच्याच इतिहासात आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हॉकी कंटाळवाणी झाली होती. कसबी खेळाडूला स्टिकनं अडकवायचं, जर्सी धरायची, मधल्या पट्ट्यात गर्दी करून त्याचा वेग मारायचा. पंच दुर्लक्ष करायचे. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या पगारवादात रद्द झाला. त्या रिकाम्या हिवाळ्यात ब्रेंडन शॅनाहन या खेळाडूनं टोरोंटोत खेळाडू, प्रशिक्षक, पंच यांना एकत्र बसवलं, आणि २००५ च्या उन्हाळ्यात नियम बदलले. अडकवणं, धरणं यांवर कडक शिक्षा, लांब पासला मुभा, गोलरक्षकांची अवजारं लहान. शेवटच्या पाच मिनिटांत मुद्दाम भांडण उकरून काढणाऱ्याला एका सामन्याची बंदी आणि त्याच्या प्रशिक्षकाला दंड. २००३-०४ मध्ये सामन्यामागे पाचच्या आसपास गोल होत, ते सहाच्या वर गेले. हंगामातल्या मारामाऱ्या ७८९ वरून ४६६ वर आल्या. आणि लोक? हंगामभर कुलूप लागलेल्या खेळाला पहिल्याच वर्षी स्टेडियममधल्या गर्दीचा नवा उच्चांक मिळाला. क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओव्हेच्किन त्याच हंगामात आले, दोघांनी गोल आणि गोलला मदत मिळून शंभरावर गुण केले. ओव्हेच्किन धक्के देण्यातही कुणाला ऐकत नव्हता. धक्का गेला नाही. धरून ठेवणं गेलं.

फोर नेशन्सचंही तसंच. मारामाऱ्यांचा तो शनिवारचा सामना अमेरिकेत ४४ लाख लोकांनी बघितला, एकही मारामारी नसलेला गुरुवारचा ९३ लाखांनी. इथे मला सावध राहायला हवं, कारण अंतिम सामना कुठलाही असो, लोक जास्त असतातच, आणि त्या नऊ सेकंदांनी अनेकांना गुरुवारी टीव्हीसमोर आणलं हेही मी नाकारत नाही. मारामारी लोकांना दारापर्यंत आणते. पण जादा वेळेत आठ मिनिटं श्वास रोखून बसवलं ते पायांनी आणि हातांनी.

मार्चअखेर आम्ही सतराला धक्का शिकवणाऱ्या शिबिरात घातलं. हॉकी कॅनडाच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: आधी जागा आणि कोन, मग स्टिकनं पक काढणं, मग अंगानं अडवणं, आणि सगळ्यात शेवटी धक्का. पहिले दोन दिवस कुणी कुणाला हातही लावला नाही. समोरचा ज्या बाजूला जाणार ती बाजू आधीच बंद करत त्याला बर्फाच्या कडेच्या फळीकडे न्यायचं, एवढंच. आबा काचेला नाक लावून बघत होते. तरुणपणी ते तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेले, डाव्या कोपऱ्यावर. म्हणाले, “हे तर चढाईवाल्याला कोंडणं झालं. पकड जोरानं होत नाही रे, त्याचा पाय उचलला गेला की त्या घटकेला होते.” नंतर घरी हॉलमधला टीपॉय बाजूला सारून त्यांनी नातवाला ती घटका दाखवली, पायात लोकरी मोजे घालून, बहात्तराव्या वर्षी. सतराची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती त्या दिवशी बुद्धिबळाचं काही बोलली नाही.

परिणाम

चार चोविसाव्या दिवशी बर्फावर परतला. सुरुवातीला एकटा, मग संघाबरोबर पण अंगाला अंग न लावता, मग पूर्ण सरावात, प्रत्येक टप्प्यावर डोकं दुखत नाही ना हे बघत. पहिल्या दिवशी सगळ्या मुलांनी बर्फावर स्टिक आपटून त्याचं स्वागत केलं. सतराही आपटत होता, खाली मान घालून. एप्रिलमध्ये चारनं धक्का नसलेल्या स्थानिक गटात नाव घातलं. दोघं शाळेत बोलतात. पहाटेची एक गाडी मात्र बंद झाली, आणि ती पुन्हा सुरू होईल असं मला वाटत नाही.

सतरा चाचणीत धक्क्याच्या संघात निवडला गेला. शेवटचा निर्णय घरात त्यालाच विचारून घेतला. या हंगामात त्याला एकदा खांद्याला मुका मार बसला, दहा दिवस गेले. हातमोजे टाकले नाहीत. दिलेल्या धक्क्यांत एक इतका स्वच्छ होता की पडलेल्या मुलाच्याच प्रशिक्षकानं मान हलवली, आणि चौथ्या रकान्यातही तो बसला: चकती सतराकडे. आई आता सामन्याला येते, पण काचेपासून लांब, वरच्या पायरीवर, हातात चहाचा थर्मास घट्ट धरून. वडील मोबाइलवर पूर्वी गोल टिपायचे; आता मुलगा कोन कसा धरतो ते टिपतात आणि आबांना पाठवतात.

हा निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. आल्बर्टा-क्युबेकचे आकडे मला पाठ आहेत, आणि तेरा वर्षांच्या मुलाचा मेंदू बारा वर्षांच्या मुलापेक्षा फारसा वेगळा नसतो. तयारीनं धोका कमी होतो, संपत नाही. धक्का नसलेला गट निवडणाऱ्या घरांना इथे काही जण घाबरट म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. चारच्या आईवडिलांनी आपल्या मुलाकडे बघून निर्णय घेतला, यांनी आपल्या.

पुन्हा वेळ आली तर

सोमवारच्या सरावात काय बदलता आलं असतं याची यादी प्रशिक्षकानं केली. कोपऱ्यातला तो प्रकार त्या दिवशी टाळता आला असता. सरावाआधी मुलांशी बोलता आलं असतं. नऊ सेकंदांचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर होता हे आम्हा दोघांना माहीत होतं. संघातून काढायचं की नाही यावर दोन दिवस गेले, त्याऐवजी पहिल्या संध्याकाळीच चारच्या घरी जायला हवं होतं. वही शनिवारीच असती तर चांगलं झालं असतं, पण ती सुचायला सोमवार यावा लागला.

माझी स्वतःची चूक त्याच्याही आधीची आहे. शनिवारी मी उभी होते आणि ओरडत होते, त्या खोलीत डोक्याच्या दुखापतींचं प्रशिक्षण घेतलेली मी एकटी. उभं राहणं मला आवरलं नसतं, हे मी मान्य करते. ते तीन प्रसंग बघून रक्त उसळतंच. पण आबांनी प्रश्न विचारला तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करून, मुलांच्या देखत, त्याचं उत्तर देता आलं असतं: चकती कुठेच नाही आबा, आत्ता हॉकी थांबलीय. सतरा आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याला तेवढं पुरलं असतं का, ते सांगता येणार नाही. पण त्याला दुसरं काहीच मिळालं नाही.

आता मोठ्या सामन्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी प्रशिक्षकाकडून ड्रेसिंग रूममधली दोन मिनिटं मागून घेते. मुलांना विचारते, काय बघितलंत, आणि त्या वेळी चकती कुठे होती. गेल्या महिन्यात एका नव्या मुलानं उलटं विचारलं, “तुम्हाला आवडते का मारामारी?” मी म्हटलं, बघताना अंगावर काटा येतो, आणि मग एका मुलाचं हेल्मेट आठवतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या हनुवटीखालचा पट्टा बघितला, एक बोट जेमतेम जाईल इतका आवळला, आणि बर्फाकडचं दार उघडलं.